बिरनाळ्यांच्या घरातली दहा वर्षं

गिरिजा आवटीचं लग्न ठरलं होतं आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट काही ठरत नव्हतं. तेव्हा तिने एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत केला, आणि तोच दगड उचलून स्वतःच्या पायावर पाडून घेतला.

कोल्हापूरच्या त्या कॉलेजात इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला खरंखुरं घर आणि त्यात राहणारं खरंखुरं कुटुंब लागे. मुलं एखादी मावशी नाहीतर आत्या गाठत. गिरिजाने गाठलं होणारं सासर. राजारामपुरीतला बिरनाळ्यांचा तीन खोल्यांचा फ्लॅट. साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले आप्पा, पोस्टाच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या शैलजाकाकू आणि त्यांचा एकुलता एक विश्वजित, जो शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे काढायचा आणि मे महिन्यात गिरिजाच्या गळ्यात माळ घालणार होता. राहायचं आपल्यालाच आहे तर त्या फ्लॅटचा नवा नकाशाही आपणच काढावा, असा गिरिजाचा हिशेब. तिच्या वडिलांची अट एकच होती: आधी डिग्री, मग अक्षता. म्हणजे प्रोजेक्ट बुडालं तर वर्ष बुडणार आणि वर्षाबरोबर लग्नही.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी परीक्षक भिंतीवर लावलेली चित्रं बघत, मान डोलावत आणि मार्क देत. चित्रातल्या घरात कुणी राहत नसल्यामुळे ती घरं सुंदरच दिसत. मग 'वहिवाट' आलं आणि विद्यार्थ्यांच्या सुखाला दृष्ट लागली.

वहिवाट म्हणजे काडेपेटीएवढी चार खोकी. ती घराच्या चार कोपऱ्यांत लावायची. त्यांतून वायफायच्या जातीच्या लहरी निघतात आणि माणसांवर, वस्तूंवर आपटून परत येतात. चेहरा दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. कोण कुठून कुठे गेलं, किती वेळ टेकलं, कुणी कुणाला आधी वाट दिली, काय कुठे ठेवलं, एवढंच टिपलं जातं. एकवीस दिवसांच्या टिपणातून यंत्र प्रत्येक माणसाचा एक ठिपका बनवतं. ठिपक्याला नाक-डोळे नसतात, पण सवयी सगळ्या असतात. मग हे ठिपके विद्यार्थ्याने काढलेल्या नव्या घरात सोडायचे आणि त्यांना दहा वर्षं राहू द्यायचं. संगणकाला त्या दहा वर्षांसाठी चाळीस मिनिटं पुरतात.

त्या चाळीस मिनिटांत भल्याभल्यांचं पाणी जोखलं जाई. गेल्या वर्षी एकाने ध्यानासाठी कोपरा काढला होता. सहाव्या महिन्यात तिथे गॅसचा सिलिंडर आला, आठव्यात रद्दी, आणि दुसऱ्या दिवाळीनंतर त्या कोपऱ्यात बाप एकटाच बसून मोबाइल बघू लागला. एकीच्या हॉलमधल्या देखण्या झोपाळ्यावर पहिल्या पावसाळ्यापासून दहाव्यापर्यंत ओले टॉवेल वाळत होते. दोघंही पास झाले, कारण माणसं निदान राहत तरी होती.

गिरिजाने खोकी लावली आणि रोज संध्याकाळी पाचला ती नीट चालतात का बघायला बिरनाळ्यांकडे जाऊ लागली. खोक्यांना बघण्यासारखं काही नव्हतं, पण विश्वजित साडेपाचला कामावरून येई. ती पुढे तिथेच राहणार म्हणून तिचाही ठिपका टिपला जात होता, हे कॉलेजच्या नियमात बसत होतं. घर तिला फार आवडलं. इकडची काडी तिकडे नाही. दाराआड लोंबणारी पिशवी नाही, खुर्चीवर कपडा नाही. हॉलला लागून एक खोली होती, तिला कुलूप. "किल्ली हरवली आहे," असं शैलजाकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. गिरिजाने नकाशावर तिथे 'वापरात नाही' असं लिहून ती टिपणातून वगळली आणि नव्या घरात त्या खोलीची आपली अभ्यासिका करून टाकली. एवढ्या कमी सामानाच्या माणसांना माळा तरी कशाला हवा, म्हणून माळाही काढून टाकला.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना कॉलेजच्या लॅबमध्ये तिने चाचणी लावली. शेजारी तिचे मार्गदर्शक हणबर सर चहा घेत बसले होते. हणबर सर मूळचे सुतार. तीस वर्षं लाकूड कापून मग शिकवायला आलेले, त्यामुळे ते कमी बोलत आणि आधी मोजत.

पडद्यावर नवं घर उजळलं. चार ठिपके आत शिरले. दुपार बरी गेली. संध्याकाळी चौघं हॉलमध्ये बसले. आठला उठून जेवणाच्या टेबलापाशी आले आणि टेबलाभोवती उभे राहिले.

"बसत का नाहीत?" गिरिजाने विचारलं.

"बसतील," सर म्हणाले.

साडेआठ झाले. नऊ झाले. काकूंचा ठिपका गिरिजाच्या ठिपक्याकडे सरकला आणि मागे आला. गिरिजाचा आप्पांच्या ठिपक्याकडे सरकला आणि मागे आला. उजाडलं तरी चौघं उभेच. सरांनी वेग वाढवला. आठवडा गेला, महिना गेला, संकष्ट्या आल्या आणि गेल्या. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस चौघं तसेच उभे होते. टेबलावरच्या ताटलीतली वड्यांची चळत पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच होती.

सरांनी कप खाली ठेवला. "तू त्यांच्याकडे कधी जेवलीस?"

"नाही. रोज आग्रह करायचे. काकू म्हणायच्या, तू बस, मग आम्ही बसतो. मी म्हणायचे, आधी तुम्ही. मग आठला मी निघायचे."

"आणि तू गेल्यावर ते जेवायचे."

"हो."

"आता तू जात नाहीस," सर म्हणाले. "नव्या घरात तू राहायला आली आहेस. तू जाईपर्यंत ते बसणार नाहीत आणि ते बसेपर्यंत तू बसणार नाहीस. दहा वर्षं."

गिरिजाचं लक्ष विश्वजितच्या ठिपक्याकडे गेलं. तो होणाऱ्या बायकोपासून अकरा फुटांवर उभा होता. तिने मागे जाऊन पाहिलं. तीन वर्षांत तो अकरा फुटांच्या आत कधी आलाच नव्हता. तिला हसू आलं.

नमुना कुटुंब वापरायची एक पळवाट होती. वरच्या वर्गातली मुलं एका तयार कुटुंबाची टिपणं गुपचूप देत. पण ते कुटुंब एव्हाना राज्यभरातल्या तीनशे प्रोजेक्टांत राहून आलं होतं. त्यातला बाप रोज सकाळी सहा दहाला संडासात जातो आणि सहा बत्तीसला बाहेर येतो, हे सगळ्या परीक्षकांना पाठ झालं होतं. "हा गृहस्थ मला नगरला पण भेटला होता," असं म्हणून गेल्या वर्षी एका परीक्षकाने पोराला घरी पाठवलं होतं.

"नियमात तीन दिवसांचं फेरटिपण बसतं," हणबर सर म्हणाले. "त्यांना सांग, तुझ्यासमोर घरच्यासारखं वागा. आणि तू पण वाग. तुझा ठिपका त्या चौघांत सगळ्यांत खोटा आहे."

गिरिजाच्या आईने दिवसा तिथे राहायला परवानगी दिली, रात्री नवाच्या आत घरी यायच्या बोलीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरनाळ्यांच्या सोफ्यावर बसून गिरिजाने सगळं सांगून टाकलं. "तुम्ही माझ्यासमोर फार चांगलं वागता. त्यामुळे मी नापास होते आहे."

आप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे आम्ही वाईट वागायचं?"

"नेहमीसारखं."

"हे नेहमीसारखंच आहे की," शैलजाकाकू म्हणाल्या.

तेवढ्यात त्या कुलूपबंद खोलीत स्टीलचं काहीतरी पडलं. ते बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग आडवं झालं. तीन दिवसांची रजा घेतलेल्या विश्वजितने पंख्याकडे पाहिलं. आप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. कुणीच काही ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी मनापासून प्रयत्न केला. आप्पा बनियन आणि लुंगीवर हॉलमध्ये आले, पण छातीसमोर वर्तमानपत्र धरून, आणि दुपारपर्यंत ते त्यांनी खाली केलं नाही. विश्वजितने टीपॉयवर पाय ठेवले आणि 'बरोबर आहे ना' अशा नजरेने गिरिजाकडे पाहिलं. त्याच्या पँटला कडक इस्त्री होती. काकूंनी ठरवून भांडणही काढलं. "तुम्ही मला कामात कधी मदत करत नाही," त्या आप्पांना म्हणाल्या, पोस्टातली सूचना वाचून दाखवावी तशा आवाजात. आप्पा म्हणाले, "चुकलंच माझं," आणि भांडण मिटलं.

संध्याकाळी चौघं टेबलाशी बसले खरे, पण खुर्चीच्या कडेवर, आणि पोळीचा एकेक तुकडा ओठांशी नेऊन. दुसरा दिवसही असाच गेला. गिरिजा घरी जाऊन आईला म्हणाली, "लग्न पुढच्या वर्षी," आणि उशीत तोंड खुपसून झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला शैलजाकाकू नव्या घराचा नकाशा डोळ्यांशी धरून बसल्या होत्या. आजवर त्यांनी तो चार वेळा बघून चार वेळा "छान आहे" म्हटलं होतं.

"गिरिजा, ह्यात माळा कुठं आहे गं?"

"माळा नाही, काकू. उंची मोकळी वाटावी म्हणून काढला."

"बरं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी नकाशा खाली ठेवला आणि तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीतून अख्ख्या राजारामपुरीला ऐकवलेला आवाज बाहेर आला. "माळा नाही म्हणजे? आणि सामान काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

"कुठलं सामान? तुमच्याकडे सामानच नाही."

काकू उठल्या, देवघराच्या खणातून किल्ली काढली आणि हॉलला लागून असलेली ती खोली उघडली.

आत खरे बिरनाळे राहत होते. तीन कुकर होते, त्यातल्या दोघांना शिट्टी नव्हती. गाद्या, पाहुण्यांच्या गाद्या आणि पाहुण्यांचे पाहुणे आले तर लागणाऱ्या गाद्या होत्या. आप्पांची कारखान्यातली साखरेच्या नमुन्यांची खोकी होती. तेलाचे रिकामे डबे, पिशव्यांची पिशवी, शिवणाचं मशीन, विश्वजितची पाचवीतली सायकल आणि त्या सगळ्यावर पसरलेलं एकवीस दिवसांचं वाळलेलं, घडी न केलेलं धुणं.

"तुमचं यंत्र येणार म्हटल्यावर हे सगळं आत टाकलं," काकू म्हणाल्या. "कॉलेजातली माणसं बघणार. सून बघणार. काय, पसारा दाखवू?"

"अहो काकू, मला पसाराच हवा होता," गिरिजा ओरडली, आणि आपण सासूवर ओरडलो हे तिला वाक्य संपल्यावर कळलं. पण आता गाडी घाटाला लागली होती. "मी एका रिकाम्या घराचा नकाशा काढला. तीन महिने जागून. आणि डबे ते किती? अकरा. अकरा रिकामे डबे कशाला लागतात माणसाला?"

"लागतात. लग्न आहे घरात. लाडू काय खिशात घालून देणार? आणि मला विचारतेस, तू काय केलंस? एकवीस दिवस आलीस, एक दिवस पाणी मागितलं नाहीस. तहान लागली तर घरी जाऊन प्यायचीस." काकूंनी नकाशा पुन्हा उचलला आणि स्वयंपाकघरावर बोट ठेवलं. "हा फ्रीज. दार कुठल्या बाजूला उघडतं आमच्या फ्रीजचं, सांग बघू."

गिरिजाने नकाशाकडे पाहिलं. तिने खोल्या सुताच्या हिशेबात मोजल्या होत्या, ओट्याची उंची काकूंच्या कोपरापासून काढली होती. पण होणाऱ्या सासरचा फ्रीज उघडायचा नसतो, म्हणून तिने तो एकदाही उघडला नव्हता. नव्या घरात तो अशा कोपऱ्यात उभा होता की त्याचं दार भिंतीवर आपटून चार बोटं उघडलं असतं. दहा वर्षं बिरनाळ्यांना दूध बोटाने काढावं लागलं असतं.

ती तिथेच गाद्यांच्या थप्पीवर बसली आणि रडू लागली. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि फ्रीजमधून गार पाण्याची बाटली घेऊन आल्या. "डावीकडं उघडतं," त्या म्हणाल्या. "घे. तोंड लावून पी, कोण बघत नाही."

त्यानंतर नवाच्या आत जे झालं ते चारही खोक्यांनी टिपलं. दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने रेघा मारत बसल्या. माळा परत आला. अभ्यासिकेची कोठीची खोली झाली, त्यावरून पुन्हा एकदा वाजलं आणि शेवटी खिडकीकडचा अर्धा भाग गिरिजाला मिळाला. आप्पांनी वर्तमानपत्र टाकून दिलं आणि साखरेच्या खोक्यांसाठी वकिली करायला मध्ये पडले, तेव्हा दोघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं. विश्वजित टेप धरून डबे मोजत होता. वाट अरुंद असल्याने अकरा फुटांचा प्रश्नच उरला नाही. जेवण कुणी कुणाला वाढलं नाही. ज्याला भूक लागली त्याने पातेल्यात हात घातला.

परीक्षेला घरच्यांनी हजर राहायची पद्धत होती. बिरनाळे शेवटच्या रांगेत बसले, आप्पा नव्या शर्टात. बाहेरच्या परीक्षक नाशिकच्या सबनीसबाई, चष्मा नाकाच्या टोकावर आणि हातात लाल पेन. त्यांनी गिरिजाचं बोलणं ऐकून घेतलं, माळ्याच्या उंचीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि वहिवाट चालू केलं.

ठिपके घरात शिरले, आठला टेबलापाशी आले आणि बसले. गिरिजाने श्वास सोडला. पहिली दिवाळी झाली. कोठीतलं सामान खिडकीकडच्या अर्ध्या भागात सरकू लागलं आणि एका रविवारी परत मागे ढकललं गेलं. तिसऱ्या वर्षी घरात एक इवला पाचवा ठिपका उगवला आणि रांगू लागला. यंत्राला लाज नसते. विश्वजित बुटांकडे बघत राहिला आणि आप्पांना खोकला आला.

मग स्वयंपाकघरात ओट्यापाशी लाल डाग उमटला. तो वर्षागणिक गडद होत गेला आणि दहाव्या वर्षाच्या शेवटी यंत्राने निकाल दिला: ओट्यापाशी कोंडी, दोन व्यक्ती, रोज सरासरी शेहेचाळीस मिनिटं.

"चाळीसच्या वर गेलं की नापास," सबनीसबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांचा आवाज खरोखर उतरला होता. "सासू आणि सून अडकतात. नेहमीचं आहे. एक दुरुस्ती जागेवर करता येते. ओट्याचे दोन भाग कर, मध्ये आडभिंत घे, दोघींची तोंडं दोन दिशांना. बाकीचे सगळे हेच करतात. दहा मिनिटांवर येईल."

त्यांनी पेन पुढे केलं. एक रेघ मारायची होती. एका रेघेत डिग्री, मे महिना, अक्षता, सगळं होतं. गिरिजाने पेन घेतलं.

"अडकत नाही ओ बाई," मागून आवाज आला. शैलजाकाकू उभ्या राहिल्या होत्या. "बोलतोय आम्ही."

"रोज शेहेचाळीस मिनिटं?"

"मग? घरात दोन बायका आहेत. एका संध्याकाळी आमचं नुसतं आमटीचं झालंय."

वर्गात हशा पिकला. गिरिजा हसली नाही. ती पडद्यावरच्या त्या दोन ठिपक्यांकडे बघत होती, आणि आपल्याला ती भिंत नको आहे हे तिला इतकं लख्ख कळलं की तिचा तिलाच धक्का बसला. तिने पेन टेबलावर ठेवलं.

"दुरुस्ती करायची नाही, मॅडम."

"वर्ष जाईल तुझं."

"माहीत आहे," गिरिजा म्हणाली. "यंत्राला थांबलेली माणसं दिसतात. का थांबली आहेत ते दिसत नाही."

"असं सगळेच म्हणतील. पुरावा काय?"

भिंतीला टेकलेले हणबर सर पहिल्यांदाच बोलले. "सहावं वर्ष लावा. आणि कुणीतरी मध्ये येईपर्यंत सावकाश चालवा."

सबनीसबाईंनी सहावं वर्ष लावलं. दोन ठिपके ओट्यापाशी उभे होते. पाचवा छोटा ठिपका पळत आला, बहुधा पाण्याला. दोघी दोन बाजूंना सरल्या. तो पाणी पिऊन गेला. वाट आता साफ मोकळी होती. ओटा सोडून हॉलमध्ये जाता आलं असतं, बाल्कनीत जाता आलं असतं. दोन्ही ठिपके क्षणभर जिथल्या तिथे राहिले आणि परत जवळ येऊन पहिल्याच जागी उभे राहिले.

सबनीसबाईंनी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. मग सातव्या वर्षातलं पाहिलं, नवव्यातलंही. तिथेही तेच.

"कोंडीत सापडलेलं माणूस सुटलं की पळतं," त्या शेवटी म्हणाल्या, जणू स्वतःलाच. "परत अडकायला कोण येतं?" त्यांनी लाल पेन उचललं, निकालपत्रावरचा 'कोंडी' शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'बोलायची जागा'. खाली शंभरपैकी अठ्ठावन्न मार्क दिले. फ्रीजच्या दाराला अजून एक इंच कमी पडत होता, त्याचे दोन कापले होते.

बाहेर पोर्चमध्ये आप्पा म्हणाले, "म्हणजे मे महिना नक्की."

"मे कसला," शैलजाकाकू म्हणाल्या. "आधी गवंडी बघा, मग मुहूर्त बघा. माळा नवा करायला पाहिजे, फ्रीज हलवायला पाहिजे. आणि काम काढतोयच तर ओटा पण दोन फूट वाढवून घेऊ. उगाच एकमेकींच्या अंगावर कशाला."

"ओटा नको वाढवायला, काकू," गिरिजा म्हणाली. "आहे तेवढाच राहू दे."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण विश्वजित आणि आप्पा बघत होते, म्हणून त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या. चार पावलांवर थांबून वळल्या.

"उभी काय राहिलीस? चल की. भाजी निवडायची आहे अजून."